घराकडे वळलेल्या दोन माता

‘अमेरिकेत कुटुंबसंस्था मोडकळीस आली आहे’ हे वाक्य समाजशास्त्राच्या उत्तरपत्रिकांतून दरवर्षी माझ्यासमोर येते. त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही, म्हणून मी त्याला अर्धा गुण देते. उरलेला अर्धा गुण का कापते, ते सांगण्यासाठी हा लेख.

त्याच अमेरिकेत गेल्या साठ-सत्तर वर्षांत लाखो स्त्रिया जाणूनबुजून घराकडे वळल्या. गंमत अशी की त्या दोन अगदी विरुद्ध दिशांनी आल्या. एक आली चर्चमधून. बायबलमधील शब्द न् शब्द प्रमाण मानणारी, नवऱ्याला कुटुंबाचा मस्तक मानणारी, राजकारणात बहुधा उजवीकडे झुकलेली. दुसरी आली हिप्पी चळवळीतून. व्हिएतनाम युद्धाला विरोध केलेली, शहराला, कारखान्याला आणि डब्यातल्या अन्नाला विटलेली, निसर्गाला गुरू मानणारी. या दोघी एकमेकींच्या दारात उभ्या राहिल्या असत्या, तर पहिलीने दुसरीला पाखंडी म्हटले असते आणि दुसरीने पहिलीला बुरसटलेली. पण सकाळी दहा वाजता दोघींच्या स्वयंपाकघरांत डोकावावे, तर काय दिसते? दोघींचा झगा घोट्यापर्यंत. दोघी घरच्या जात्यावर गहू दळून पाव भाजताहेत. दोघींच्या अंगावर मूल पीत आहे, आणि थोरली मुले शाळेत न जाता तेथेच टेबलापाशी अभ्यास करीत आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला कोणती कोण, हे भिंतीवरचे चित्र पाहूनच कळावे.

हे साम्य योगायोगाने आलेले नाही. त्याची सुरुवात शोधायला दवाखान्यात जावे लागते.

१९०० साली अमेरिकेत शंभरांतली पाच बाळंतपणेही इस्पितळात होत नसत. १९७० पर्यंत शंभरांतली नव्याण्णवांहून अधिक इस्पितळात होऊ लागली. त्यामुळे बाळबाळंतिणींचे प्राण वाचले, हे आधी मान्य केले पाहिजे. रक्त देण्याची सोय, जंतुनाशके, प्रतिजैविके यांचे उपकार थोडे नाहीत. परंतु त्याबरोबर आणखीही काही आले. बाईला गुंगीचे औषध देत, नवऱ्याला बाहेर बसवीत, मूल जन्मताच वेगळ्या खोलीत नेत आणि घड्याळ पाहून चार-चार तासांनी बाटली देत. मुलाला फार जवळ घेऊ नये, लाडावू नये, असे जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली पुस्तक लिहूनच बजावले होते. १९५० नंतरच्या दशकात तेथे नवजात बालकांपैकी जेमतेम पाचातले एक अंगावर पीत असे. अंगावर पाजणे हे गरिबांचे व अडाण्यांचे काम, डब्याची पूड म्हणजे शास्त्र, असा समज होता.

१९५६ च्या उन्हाळ्यात इलिनॉय राज्यात एका सहलीला मेरी व्हाइट आणि मॅरियन टॉम्पसन या दोघी बागेत बसून आपापल्या मुलांना पाजीत होत्या. आसपासच्या बायका येऊन विचारू लागल्या, ‘आम्हांला हे जमले नाही, तुम्हांला कसे जमते?’ त्यातून सात जणींनी एक मंडळ काढले. सातही जणी कॅथलिक. वर्तमानपत्रात ‘स्तन’ हा शब्द छापणे त्या काळी अशिष्ट, म्हणून त्यांनी स्पॅनिश नाव घेतले – ला लेचे लीग. ‘लेचे’ म्हणजे दूध. फ्लॉरिडातील सेंट ऑगस्टिन येथे बाळाला पाजणाऱ्या मेरीमातेचे जे जुने देवस्थान आहे, तिच्या नावावरून ते घेतले. १९५८ मध्ये त्यांनी काढलेली पुस्तिका पुढे लाखोंच्या संख्येने खपली. म्हणजे ज्या गोष्टीला पुढे ‘निसर्गवादी’ म्हणून ओळख मिळाली, तिचा पाया देवभोळ्या कॅथलिक गृहिणींनी घातला. पंधरा वर्षांनी हिप्पी मुली त्याच मंडळाच्या बैठकींना येऊन बसू लागल्या.

आता दुसरीकडची गोष्ट. १९७० साली स्टीफन गॅस्किन नावाचा एक शिक्षक सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. त्याच्यामागे जुन्या शाळांच्या बसगाड्यांतून शेकडो तरुण-तरुणी. १९७१ मध्ये टेनेसी राज्यात समरटाउनजवळ जमीन घेऊन त्यांनी वसाहत वसविली. तिचे नाव साधेच, ‘द फार्म’. वाटेत बसगाड्यांतच बाळंतपणे झाली होती. स्टीफनची पत्नी आयना मे हिने ती निभावली आणि ती सुईण झाली. तिचे ‘स्पिरिच्युअल मिडवाइफरी’ हे पुस्तक १९७५ साली निघाले. वसाहतीत १९७१ ते १९८९ या काळात झालेल्या १,७०७ बाळंतपणांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुखरूपतेच्या बाबतीत ती इस्पितळातल्या बाळंतपणांच्या तोडीची ठरली, आणि पोट फाडून मूल काढण्याचे प्रमाण शंभरात दोनपेक्षाही कमी होते. अर्थात तेथे शिकलेल्या सुइणी होत्या, गरज पडल्यास डॉक्टर होता आणि इस्पितळात नेण्याची तयारी होती. हे सोडून नुसते ‘घरीच बाळंत व्हा’ एवढेच उचलणाऱ्यांचे हाल झाल्याशिवाय राहत नाहीत.

हिप्पी म्हटले की आपल्याला मुक्त प्रेम आठवते. फार्मवर नियम निराळा होता. एकत्र राहाल तर वाङ्निश्चय झाला असे समजा, दिवस गेले तर लग्न लागले असे समजा! तेथे कृत्रिम संततिनियमन नव्हते. शरीराचे तापमान व इतर लक्षणे पाहून पाळणा लांबविण्याची पद्धत होती, आणि तीवर त्यांच्याच छापखान्याने १९७६ मध्ये पुस्तक काढले. १९६८ साली पोपने कृत्रिम साधनांना नकार दिल्यानंतर कॅथलिक जोडपी १९७१ पासून मंडळे काढून हीच पद्धत शिकवीत होती. आणखी पुढे जाऊन फार्मच्या सुइणींनी जाहीर आवाहन केले होते : गर्भपात करू नका, येथे या, आम्ही फुकट बाळंतपण करू, मूल आम्ही वाढवू आणि पुढे तुम्हांला हवेसे वाटले तर परतही देऊ. हा मजकूर पुस्तकाचे नाव झाकून एखाद्या कर्मठ पाद्र्याला वाचायला दिला असता, तर तो आपल्याच चर्चचा आहे असे त्याने शपथेवर सांगितले असते.

स्वयंपाकघराबद्दल फार लिहीत नाही. १९७६ साली मेनोनाइट पंथाच्या मदतसंस्थेसाठी डोरिस लाँगेकर या बाईने ‘मोअर विथ लेस’ हे पाकपुस्तक काढले. जगात लोक उपाशी असताना आपण एवढे मांस खाणे पाप आहे, हा त्याचा सूर. फार्मवर सोयाबीनचे दूध आणि टोफू. कारणे वेगळी, पण दोघींच्या ताटात कडधान्यच.

शाळेच्या बाबतीत मात्र थोडे थांबले पाहिजे. जॉन होल्ट हा बॉस्टनचा शिक्षक. शाळा मुलांची स्वाभाविक जिज्ञासा मारते, या निष्कर्षाला येऊन त्याने १९७७ मध्ये ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे पत्र सुरू केले. दुसरीकडे रेमंड आणि डॉरथी मूर हे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे दांपत्य. मुलांना फार लवकर शाळेत घालू नये, असे सांगणारे त्यांचे पुस्तक १९७५ सालचे. एकाला देवाशी कर्तव्य नाही, दुसऱ्यांचे त्यावाचून चालत नाही. तरीही बरीच वर्षे त्यांनी एकमेकांना धरून काम केले, कारण समोर सरकार एकच होते. आमिश पंथीयांना आठवीनंतर मुले शाळेतून काढण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मान्य केला होता. तरी इतरांना घरी शिकवण्याबद्दल दंड आणि खटले होत. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत ते कायदेशीर झाले. २०१६ च्या सरकारी पाहणीत सुमारे सतरा लाख मुले घरी शिकत असल्याचे आढळले. पुढे धार्मिक मंडळींची संख्या वाढली, त्यांनी आपल्या स्वतंत्र संस्था काढल्या आणि ही जुनी सोयरीक सुटली.

ती सुटणारच होती. कारण दोघींचे मुलाकडे पाहणेच मुळात वेगळे आहे. निसर्गवादी आईच्या मते मूल जन्मतः चांगले असते. त्याला बिघडवतो तो समाज. म्हणून त्याचे ऐकावे, ते रडले तर घ्यावे, आपणहून सोडीपर्यंत पाजावे. कर्मठ ख्रिस्ती आईच्या मते मूल हे ईश्वराचे देणे खरे, पण तेही आदिपापाचा अंश घेऊन आलेले. त्याच्या हट्टाला आवर घालणे हे आईबापांवर देवाने सोपवलेले काम. जेम्स डॉब्सन यांचे शिस्तीवरचे १९७० सालचे पुस्तक अशा घराघरांत असे, आणि त्यात मर्यादित प्रमाणात छडीला मुभा होती. १९९० नंतर काही ख्रिस्ती लेखकांनी तर तान्ह्या मुलालाही आईबापांच्या वेळापत्रकाप्रमाणेच पाजावे असे सांगितले, तेव्हा बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. म्हणजे वॉटसनचे घड्याळ मागच्या दाराने घरात आले, फक्त आता शास्त्राऐवजी धर्माच्या नावाने. आणि त्याच काळात मुलाला सतत कवटाळून ठेवा असे सांगणारे डॉक्टर विल्यम सिअर्स हेही श्रद्धाळू ख्रिस्तीच होते! तेव्हा रेघ कोठे ओढावी, हे वाटते तितके सोपे नाही.

मेरी प्राइड या बाईने १९८५ मध्ये ‘द वे होम’ लिहिले. ती पूर्वी स्त्रीमुक्तिवादी होती. देव देईल तितकी मुले घ्यावीत, असे तिचे म्हणणे. भात्यातल्या बाणांची बायबलमधील उपमा घेऊन त्यातून एक लहानशी चळवळच निघाली. निसर्गवादी आई दोन-तीन मुलांवर थांबते, पृथ्वीवर भार नको म्हणून. एकीला वाटते मूल म्हणजे आशीर्वाद, दुसरीला वाटते मूल म्हणजे जबाबदारी, आणि दोन्ही घरांत रात्री उठणारी व्यक्ती एकच.

येथे माझ्या काकींचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. खानापूरकडच्या आमच्या काकींची सहा बाळंतपणे घरी झाली. हे सारे मी त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगत होते. अमेरिकेतल्या बायका आता घरी बाळंत होतात, अंगावर पाजतात, घरी दळतात, हे ऐकून त्या मुळीच चकित झाल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले,

“होय गं, मग तिला अंघोळ कोण घालतं?”

मी म्हटले, “नवरा असतो ना, काकी.”

“नवरा!” त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग म्हणाल्या, “आणि थोरल्या पोरांस्नी कोण बघतं? डिंकाचे लाडू कोण वळतं?”

मला वाटते, माझ्या वाचनातल्या कोणत्याही पुस्तकाने हा प्रश्न इतका नेमका विचारला नव्हता. आपल्याकडे बाळंतीण म्हटली – आपल्या अंकाच्या कानडी विभागातील मंडळी तिला बाणंती म्हणतात – की तिच्याभोवती आई, आजी, मावशी, न्हाऊ घालणारी बाई अशा चारपाच जणी येतात. फ्रेडरिक लबॉये या फ्रेंच डॉक्टरने कोलकात्यात शांतला नावाच्या एका मातेला बाळाला तेल लावताना पाहिले आणि १९७६ मध्ये त्यावर पुस्तक काढले. ते पाहून पाश्चात्त्य आया बाळाला तेल लावायला शिकल्या. पण त्यांच्याकडे तेलाची वाटी गेली, आजी गेली नाही. अमेरिकेतली ही नवी आई, चर्चची असो की निसर्गाची, चौघींचे काम एकटी करते. त्यावर शाळामास्तरकीही तिचीच. ला लेचे लीगच्या मासिक बैठका इतक्या भरत, त्याचे कारण मला हेच दिसते. तेथे मावशी मिळत असे.

काकी म्हणजे आदर्श होत्या, असे मात्र मला म्हणायचे नाही. सहांतली दोन मुले त्यांनी गमावली, आणि काकांच्या पश्चात पेन्शनच्या कागदांसाठी बँकेत गेल्या तेव्हा त्यांच्या नावावर साधे खातेदेखील नव्हते. अमेरिकेतल्या या दोघींचीही गत यापेक्षा फार निराळी नाही. घरी राहणाऱ्या बाईच्या नावावर वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाची स्वतंत्र नोंद होत नाही. ते मिळते नवऱ्याच्या खात्यावर, आणि घटस्फोट झाला तर लग्न निदान दहा वर्षे टिकलेले असावे लागते. नवरा देवाने नेमलेला मस्तक असो की समानतेच्या गोष्टी करणारा दाढीवाला, कचेरीतला कारकून ते विचारीत नाही. फार्मवर तर सर्वांची मिळकत सामाईक होती. १९८३ मध्ये कर्जापायी ती व्यवस्था मोडली आणि शेकडो कुटुंबे बाहेर पडली, ती जवळजवळ रिकाम्या हातांनी. तेथेही स्वयंपाक, मुले व सुइणकी स्त्रियांकडे, ट्रॅक्टर व बांधकाम पुरुषांकडे, ही वाटणी बरीचशी जुनीच होती.

आमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या मुलींना मी हे सांगते, तेव्हा त्या दोन तट पाडून भांडतात. एकीने विचारले, यांतली कोणती खरी सुखी? मला उत्तर देता आले नाही. घरी राहणे हे तिने स्वतः निवडले होते की तिच्याकडून वदवून घेतले होते, आणि उद्या मन बदलले तर परतीची वाट उघडी होती का, हे पुस्तकांतून कळत नाही. त्यासाठी त्या बाईलाच विचारावे लागेल, तेही नवरा घरात नसताना.

समरटाउनपासून काही मैलांवर आमिश लोकांची वस्ती आहे. त्यांच्या घरांत वीज नाही, दारात मोटार नाही, बायकांच्या डोक्यावर पांढरी टोपी. फार्मच्या सुइणी या घरांतही बाळंतपणाला जात आल्या. एक येशूचे नाव घेणारी, दुसरी ध्यानाला बसणारी. कळा सुरू झाल्या की दोघींना एकच काम असे.