सिलिकॉनमधील प्राणवायू आणि अवरक्त किरण

घन पदार्थ डोळ्यांना निश्चल दिसतो. त्याचे अणू मात्र क्षणभरही स्वस्थ नसतात. स्फटिकात ते जाळीसारख्या रचनेत बसलेले असून आपापल्या जागी अखंड कंप पावत असतात. जालकाची ही कंपने अवरक्त प्रकाश शोषून घेतात. पण सर्वच स्फटिकांत हे सारखे घडत नाही.

गॅलियम आर्सेनाइड या अर्धसंवाहकात दोन भिन्न मूलद्रव्यांचे अणू शेजारी असतात. त्यांच्यावर परस्परविरुद्ध असा अल्प विद्युतभार असल्याने प्रकाशलहरीतील विद्युतक्षेत्र त्यांना विरुद्ध दिशांना ओढते. ही ओढाताण सेकंदाला सुमारे आठ लाख कोटी वेळा झाली, की ती जालकाच्या स्वाभाविक कंपनाशी जुळते. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका द्यावा, तसाच हा प्रकार! परिणामी 37 मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश या स्फटिकातून पार होत नाही.

सिलिकॉन व जर्मेनियम यांत सर्व अणू एकाच जातीचे असल्यामुळे भारातील हा फरकच नसतो. दोन किंवा अधिक कंपने मिळून जे शोषण करतात, ते दुबळे असते. म्हणूनच धातूसारखे अपारदर्शक दिसणारे जर्मेनियम उष्णतेची छायाचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात भिंग म्हणून वापरता येते.

सिलिकॉनच्या या स्वभावाचा कारखानदारीला मोठा लाभ झाला आहे. इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी लागणारे सिलिकॉन बहुधा क्वार्ट्‌झच्या मुशीत, 1,400 अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला वितळवून त्यातून स्फटिक ओढतात. मूस किंचित विरघळते आणि प्राणवायू स्फटिकात शिरतो. दर दहा लाख अणूंमागे त्याचे दहा-वीस अणू, एवढेच त्याचे प्रमाण. हा पाहुणा दोन सिलिकॉन अणूंच्या मध्ये बसतो, इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो आणि 9 मायक्रॉनजवळ अवरक्त प्रकाश शोषू लागतो. कायझर, केक व लांग यांनी 1956 मध्ये या शोषणाचा प्राणवायूशी असलेला संबंध दाखवून दिला.

मोजणी करताना चकतीतून अवरक्त किरण सोडून त्यांतील घट पाहतात. सिलिकॉनचे स्वतःचे दुबळे शोषणही तेथेच डोकावत असल्याने प्राणवायूरहित चकतीशी तुलना करून ते वजा करावे लागते. चकतीला धक्काही न लावता होणारी ही तपासणी महत्त्वाची, कारण प्राणवायू सर्वस्वी शत्रू नव्हे. तो बेताचा असेल तर चकती बळकट होते. तो अधिक असेल, तर पुढील तापनक्रियांत त्याचे सूक्ष्म गोळे बनून चकती वाकण्याचा आणि तीवरील मंडले निकामी होण्याचा संभव असतो.