०.१ फॅटचं तूप

संध्याकाळचे सहा. संकलन केंद्रावर किटल्यांची रांग. प्रत्येक किटलीतलं चमचाभर दूध मशीनखाली जातं आणि काचेवर फॅटच्या टक्क्यांचा आकडा उमटतो. ३.४. मागच्याचा ३.८. त्याच्या मागं म्हैस: ६.७! एकाच गायीचा सकाळचा आकडा संध्याकाळी टिकत नाही. धारेची सुरुवात पातळ, शेवट दाट. शेवटची धार वासराला सोडली की फॅट उतरलीच.

आता रोज १० लाख लिटर दूध घेणारी एक डेअरी डोळ्यांपुढे आणा. १० लाख लिटर म्हणजे ८ मीटर व्यासाची, २० मीटर खोल विहीर, काठोकाठ दुधानं भरलेली! आज भरायची, उद्या पुन्हा भरायची. किटलीत १० लिटर धरलं, तर या विहिरीत दिवसाला १ लाख किटल्या रित्या होतात. लाख किटल्या, लाख आकडे. पिशवीवर मात्र एकच: स्टँडर्डाइज्ड दूध, फॅट किमान ४.५.

कागदावर हिशेब सोपा. म्हशीचं ६.५चं एक लिटर, गायीचं ३.५चं दोन लिटर, मिसळलं की नेमकं ४.५. पण म्हशीचं दूध ६.३चंच निघालं तर? मिश्रण ४.४३वर घसरतं, कायद्याच्या खाली! त्या धास्तीनं डेअरी थोडं वरचं धरते, ४.६. फक्त ०.१ जास्त.

या ०.१कडे जरा नीट बघू या. हजार लिटरमागे एक किलो तूप. आपल्या विहिरीमागे रोज १ टन! १५ किलोचे ६६ डबे. वर्षाला २४,००० डबे. डबा ३५ सेंटीमीटर उंच धरून एकावर एक रचा: थप्पी ८ किलोमीटरच्या वर! कळसूबाईवर कळसूबाई, अशा पाच कळसूबाई! किलोला ६०० रुपये लावा: दिवसाला ६ लाख, वर्षाला जवळजवळ २२ कोटी. एका दशांशापायी!

आणि किटल्यांची ही गर्दीच डेअरीला तारते, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. एकेका किटलीत ०.३ची चूक असू द्या, कुणाची वर, कुणाची खाली. हजार किटल्या एका टँकरमध्ये मिसळल्या की सरासरीतली चूक ०.०१च्या आसपास उरते! पण मशीनच ०.१ जास्त दाखवत असेल, तर लाख किटल्या ओतल्या तरी ती चूक पुसली जात नाही.

आता विहिरीतून बाहेर या. २०२३-२४मध्ये देशात सुमारे २३.९ कोटी टन दूध झालं. दिवसाला ६५ कोटी किलो! १०,००० लिटरचे ६३,००० टँकर. टँकर ८ मीटरचा धरून एकामागे एक लावले, तर रांग मुंबईहून पुण्याला, पुण्याहून परत मुंबईला, पुन्हा पुण्याला, आणि तिथून पुढं शिरवळपर्यंत! त्यातलं बरंचसं घरोघरीच संपतं म्हणा. तरी या सगळ्या दुधात ०.१ मोजून पाहा: रोज ६५० टन तूप, रोज ३९ कोटी रुपये, वर्षाला १४,००० कोटी!

आणि तो दशांश हलतो कुठं? किटल्यांच्या त्या रांगेत. दूध न ढवळताच चमचा बुडवला की वर आलेली मलई मशीनमध्ये जाते, आणि ३.४च्या जागी काचेवर ३.५ उमटतो.