दारातली घाणेरी

आमच्या अकोल्यात एप्रिल संपता संपता बागेची दैना सुरू होते. गुलाबाच्या कळ्या उमलण्याआधीच करपतात, जास्वंदीची पानं कागदासारखी होतात, आणि मोगऱ्याला रोज पाणी घालावं म्हटलं तर नळ कधी चार दिवसांनी येतो, कधी आठवड्यानं. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की कूलरच्या टाकीलाच दिवसाला दोन-तीन बादल्या लागतात. झाडांचा नंबर त्यानंतर. अशा दिवसांत माझ्या फाटकाजवळ एक झुडूप भर दुपारी फुललेलं असतं. रस्त्यानं जाणारे थांबतात, विचारतात, ‘हे कोणतं हो झाड?’ मी सांगतो, घाणेरी. त्यावर बहुतेकांचा चेहरा उतरतो.

तिची बदनामी नावातच आहे. पान चुरगाळलं की उग्र वास येतो, म्हणून घाणेरी. कुणी टणटणी म्हणतात, मेळघाटाकडे रायमुनिया म्हणतात. नर्सरीत मात्र तीच लँटाना होऊन काळ्या पिशवीत बसते आणि तिचे पैसे पडतात. मूळची ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी म्हणून आणली. म्हणजे आपल्याकडे ती आधी बागेत आली आणि मग रानात गेली. एवढं ध्यानात असू द्या, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आमच्या आईला हे काहीच पटलं नव्हतं. ‘काहून रे, धुऱ्यावरची घानेरी दारात आनून लावली तुनं?’ असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. मी हसण्यावारी नेलं. तिचं म्हणणं किती खरं होतं ते मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

मी ही लावली ती भाचीच्या सांगण्यावरून. ती अमेरिकेत, अॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात राहते. तिथला उन्हाळा आपल्यासारखाच, किंबहुना अधिक कडक, आणि पाऊस वर्षाकाठी २०० मिलिमीटरच्याही आत. खरंखुरं वाळवंट. तिनं पाठवलेल्या फोटोंत रस्त्याच्या कडेला, घरांपुढे, दुकानांपुढे सगळीकडे पिवळी, केशरी, जांभळी लँटाना. मला वाटलं, वाळवंटात जगते ती वऱ्हाडात का जगणार नाही?

तेव्हा मी नोकरीनिमित्त अमरावतीत होतो. घर शहराच्या पूर्वेला, पोहऱ्याच्या टेकड्यांच्या बाजूला. तिथली जमीन मुरमाड, उताराची. चार फाटे आणून खोवले आणि विसरून गेलो. दुसऱ्या वर्षी कुंपणावर फुलांची नुसती रास. निवृत्त होऊन अकोल्याला आलो तेव्हा त्याच झाडांची कलमं सोबत आणली, घराच्या अंगणात सपाट वाफा करून ओळीनं दहा रोपं लावली. मे महिन्यात ती मरतील म्हणून मी धास्तावलो होतो. मेली ती ऑगस्टमध्ये. पानं पिवळी पडली, उपटून पाहिलं तर मुळं काळी, कुजलेली. दहातली आठ गेली.

कारण साधं होतं. वऱ्हाड उन्हाळ्यात वाळवंट वाटलं तरी पावसाळ्यात ते वाळवंट नसतं. अकोल्याचा पाऊस साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. तो पडतो काळ्या जमिनीवर. ही कपाशीची जमीन पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि दिवसचे दिवस ओल धरून ठेवते. पऱ्हाटीला ती ओल हवी असते, घाणेरीला नको. तिच्या मुळांना हवा लागते. एकीकडे उन्हाळ्यात हीच जमीन हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात, ते वेगळंच. १९६९ पासून कृषी विद्यापीठ असलेल्या गावात राहून मला हे रोपं मेल्यावर कळावं, याची गंमत माझी मित्रमंडळी अजून सांगतात.

तेव्हापासून मी घाणेरी उंचवट्यावरच लावतो. जमिनीपासून हात-दीड हात उंच असा वरंबा करायचा. त्यात निम्मा मुरूम, निम्मी माती आणि दोन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत. जास्त खत घालायचा मोह टाळावा, कारण खतावर ती पानानं माजते आणि फुलं कमी देते. जागा दिवसभर उन्हाची हवी. पेन्सिलीएवढ्या जाडीचा, चार-पाच इंचांचा फाटा ओल्या रेतीत खोवून सावलीत ठेवला की तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. लावणी मी जुलैत करतो, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळांना खाली जायला सात-आठ महिने मिळतात. बुंध्याभोवती सोयाबीनचं कुटार पसरलं तर ओल टिकते आणि भेगाही कमी पडतात. मात्र कुटार बुंध्याला चिकटू देऊ नका, उधई लागते.

पहिला उन्हाळा मात्र सांभाळावा लागतो. दर चार-पाच दिवसांनी पाणी हवंच. दुसऱ्या उन्हाळ्यापासून माझी झाडं दहा-बारा दिवसांतून एकदा एक बादली पाण्यावर निघतात. एकदाच, पण खोल मुरेल असं द्यायचं. रोजची झारीभर शिंपण वाया जाते, शिवाय मुळं वरच राहतात. दुपारी दोनला पानं मलूल दिसली तर लगेच बादली घेऊन धावू नका. कडक उन्हात पानातली ओल राखण्यासाठी झाड तसं करतं, आणि उन्हं कलली की पुन्हा ताठ होतं. सकाळी सहाला जाऊन पाहा. सकाळीही मान टाकलेली असेल तर त्याला खरंच तहान आहे. कुंडीतल्या घाणेरीला हा हिशेब लागू नाही, कुंडी आपल्याकडे मे महिन्यात एका दिवसात कोरडी होते.

पाण्याची आणखी एक गोष्ट. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेलं पाणी झाडांना घालायची सवय घरोघरी आहे. काटकसर म्हणून ठीक, पण त्या पाण्यात दिवसेंदिवस क्षार साचत जातात. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूला, बोअरचं पाणीच मुळात खारं. घाणेरी बेताचा खारटपणा सोसते, पण कूलरचा गाळ नाही. टाकीतलं पाणी वरचेवर बदलत असाल तरच ते बागेला द्या.

फुलांबद्दल एक सांगायचं राहिलं. एकाच गुच्छात मधे पिवळी आणि कडेला केशरी किंवा गुलाबी फुलं दिसतात, ती दोन जातींची नसतात. फूल उमलतं तेव्हा पिवळं असतं, मग रंग बदलतं. मध असतो तो पिवळ्यात, आणि फुलपाखरांना ते बरोबर कळतं. खुर्ची टाकून बसलात तर दिसेल, ती पिवळ्यावरच सोंड लावतात. मे महिन्याच्या सकाळी अकोल्यात फुलपाखरं पाहायची असतील तर मला तरी दुसरी जागा ठाऊक नाही.

छाटणी फेब्रुवारीत करावी, कारण फुलं नव्या फुटीवर येतात. मी एका वर्षी आळस केला आणि ती मे महिन्यात केली. पान खरखरीत, खोडाला बारीक काटे, म्हणून हातमोजे घातले. तेवढी अक्कल होती. छाटलेल्या फांद्यांचा ढीग मात्र फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला टाकला. आमच्या गल्लीत एकांची गाय आणि पांढऱ्या ठिपक्यांची कालवड होती. घाणेरीला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. पण मे महिन्यात रस्त्यावर हिरवं म्हणून दुसरं काहीच नसतं. कालवडीनं त्या ढिगातलं पोटभर खाल्लं.

दोन दिवसांत तिचा चारा तुटला, शेण बंद झालं. डोळे पिवळे झाले. उन्हात उभी राहीना, भिंतीच्या सावलीला जाऊन थरथरायची. पांढऱ्या ठिपक्यांवरची कातडी आणि नाकाचा शेंडा भाजल्यासारखा सोलला. डॉक्टरांनी पाहताच विचारलं, हिनं रायमुनिया खाल्ला का? घाणेरीच्या पानात लँटाडीन नावाचं विष असतं. त्यानं यकृत बिघडतं, पित्त अडतं, आणि मग चाऱ्यातल्या हिरव्या रंगापासून तयार होणारं, एरवी पित्तावाटे बाहेर पडणारं द्रव्य रक्तात उतरून कातडी उन्हात जळायला लागते. डॉक्टरांनी कोळशाची पूड पाजली, सलाइन लावलं. नवव्या दिवशी कालवड मेली. मी पैसे घेऊन गेलो तर शेजाऱ्यानं घेतले नाहीत. ‘जाऊ द्या ना सर, तुमी थोडंच मुद्दाम केलं,’ एवढंच म्हणाला. त्यानंतर आजतागायत मी छाटलेली एकही फांदी आवाराबाहेर जाऊ दिलेली नाही. खड्डा केला आहे, त्यात टाकून वर माती ओढतो.

त्या प्रकरणानंतर मी आपल्या झाडाकडे नीट पाहायला लागलो आणि दुसरी गोष्ट लक्षात आली. फुलं गळल्यावर गुच्छात हिरवे मणी धरत होते, ते पुढे काळेनिळे होत, आणि बुलबुल, साळुंक्या ते आवडीनं खात होत्या. बी पाखराच्या पोटातून जाईल तिथे रुजतं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना घाटात दुतर्फा जी दाटी दिसते ती अशीच पसरलेली आहे. सागाच्या रानात तिच्या जाळीखाली गवत वाढत नाही, आणि गवत नसेल तर चितळ-सांबरांनी खायचं काय, वाघानं राहायचं कशावर? भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या अधिवासापैकी ४० टक्क्यांहून अधिक भागात ती घुसली आहे. तिला आवरायला १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियाहून एक किडा आणला होता. तो सागाच्या फुलांवर जाईल या भीतीनं सोडायचा नाही असं ठरलं, तरी तो निसटलाच. घाणेरी आपल्या जागी आहे, आणि कोरड्या दिवसांत आपल्या बागेतल्या घाणेरीच्या पानांवर पांढुरके ठिपके दिसतात ते त्याच किड्याचे. निंबोळी अर्क पानांच्या खालून फवारला की भागतं.

म्हणून लावायचीच असेल तर बी न धरणारी लावा. जमिनीलगत पसरणारी जांभळी आणि बुटकी पिवळी या नर्सरीत मिळणाऱ्या जाती बहुधा बी धरत नाहीत. नाव विचारून खात्री होत नाही, नर्सरीवाल्यालाही ते ठाऊक नसतं. रोप फुलावर असताना घ्या आणि गळलेल्या फुलांखाली पाहा. हिरवे मणी दिसले तर ते रोप तिथेच ठेवा. घरी आणल्यावरही लक्ष ठेवायचं, कारण कधी कधी एखादं झाड दोन-चार मणी धरतंच. ते हिरवे असतानाच खुडायचे. आणि मेळघाटाच्या पायथ्याशी, रानाला लागून घर असेल तर माझ्या मते कोणतीच घाणेरी लावू नये. तिथे कण्हेर पुरे. अर्थात तीही विषारी, तेव्हा छाटणीचा नियम तिलाही लागू.

माझं अमरावतीहून आणलेलं झाड मण्यांनी लगडायचं. ते काढलं. नुसतं तोडून भागत नाही, पहिल्या पावसात दुपटीनं फुटतं. जमिनीखाली दोन इंचांवर मुख्य मूळ कुदळीनं तोडायचं, झुडूप उपटायचं आणि मुळं वर, फांद्या खाली असं उलटं करून वाळू द्यायचं, मी तसंच केलं. आता फाटकाशी आहे ती पिवळी बुटकी. याला बरीच वर्षं झाली. तरी मागच्या आवारात कडुलिंबाखाली, जिथे बुलबुल येऊन बसतात, तिथे दर पावसाळ्यात घाणेरीची रोपं उगवतात. मागल्या जुलैत सात निघाली. पुढल्या वर्षी किती निघतील सांगता येत नाही. आषाढात एकदा आणि श्रावणात एकदा मी खुरपं घेऊन तिथे बसतो.