एका ऋणभाराची अनुपस्थिती

विदर्भातल्या एखाद्या शासकीय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताची एक साधीशी चाचणी पाहायला मिळते. एका पातळ पट्टीवर हिमोग्लोबिनचा बारीकसा थेंब ठेवतात, पट्टीची दोन्ही टोके अल्कधर्मी द्रावणात बुडवतात आणि तिच्यातून वीज खेळवतात. काही वेळाने थेंबाचा पट्टा धन टोकाकडे सरकलेला दिसतो. निरोगी माणसाचा पट्टा पुढे जातो, सिकलसेलच्या रुग्णाचा मागे रेंगाळतो आणि वाहकाच्या नमुन्यात पुढचा व मागचा असे दोन्ही पट्टे उमटतात. मग अहवालावर 'एए', 'एसएस' किंवा 'एएस' अशी दोन अक्षरे लिहिली जातात. लग्न जुळवताना पत्रिकेआधी ही अक्षरे पाहा, असे आरोग्य कार्यकर्ते गावोगाव सांगत असतात.

हा पट्टा मागे का राहतो? अकरावी-बारावीत पाठ केलेल्या आणि परीक्षेनंतर विसरलेल्या अमिनो आम्लांच्या रचनेत त्याचे उत्तर आहे.

अमिनो आम्लाच्या मध्यभागी कार्बनचा एक अणू असतो. त्याच्या एका बाजूस नायट्रोजनयुक्त अमिनो गट, दुसऱ्या बाजूस आम्लधर्मी कार्बोक्झिल गट, तिसरीकडे हायड्रोजनचा अणू आणि चौथीकडे प्रत्येक आम्लाचा स्वतःचा असा पार्श्वगट. प्रथिनांत आढळणारी नेहमीची २० अमिनो आम्ले वेगळी ठरतात ती या चौथ्या घटकामुळे. ग्लायसीनमध्ये तिथे नुसता हायड्रोजन असतो. लायसीन आणि आर्जिनीन यांच्या पार्श्वगटावर धनभार असतो, अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटॅमिक आम्लाच्या पार्श्वगटावर ऋणभार. व्हॅलीनचा पार्श्वगट मात्र तेलाच्या जातीचा: भार नाही आणि पाण्याशी फारसे सख्यही नाही.

सुटे अमिनो आम्ल पाण्यात असते तेव्हा त्याचा कार्बोक्झिल गट आपला प्रोटॉन सोडून ऋणभारित होतो आणि अमिनो गट प्रोटॉन घेऊन धनभारित होतो. एकाच रेणूवर दोन विरुद्ध भार नांदतात. पण दोन आम्ले जोडली गेली की चित्र पालटते. एकाचा कार्बोक्झिल गट व दुसऱ्याचा अमिनो गट एकमेकांत गुंततात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पेप्टाइड बंध तयार होतो. या बंधात नायट्रोजनची मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी शेजारच्या कार्बनच्या दिशेने ओढली जाते, त्यामुळे तो नायट्रोजन आता प्रोटॉन सहजी स्वीकारत नाही. बंध ताठ आणि सपाट होतो, आणि चिवटही. विकराची मदत नसेल तर साध्या पाण्यात तो तुटायला शेकडो वर्षे लागतात.

हातात हात गुंफून उभ्या राहिलेल्या मुलांच्या रांगेत प्रत्येकाचे दोन्ही हात अडकलेले असतात. ओळखायला उरतो तो चेहरा. प्रथिनाच्या साखळीचेही तसेच. दोन टोके सोडली तर कण्यावरचे सगळे भार जोडणीत खर्ची पडलेले असतात. प्रथिनाचा विद्युतभार म्हणजे मुख्यतः त्याच्या पार्श्वगटांच्या भारांची बेरीज-वजाबाकी. म्हणूनच एखादाच 'चेहरा' बदलला तरी तो विजेला कळतो.

कळला तो १९४९ मध्ये. प्राणवायू कमी झाला की सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, हे लायनस पॉलिंग यांनी १९४५ मध्ये विल्यम कॅसल या वैद्यकाकडून ऐकले होते. दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूत असावा, असा तर्क त्यांनी बांधला. कॅलिफोर्नियात हार्वे इटानो व सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवले. रुग्णाच्या रेणूवर दोन ते चार धनभार जास्त असल्यासारखे दिसले. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूत आहे, असे प्रथमच सिद्ध झाले. (पेप्टाइड बंध सपाट असतो या गृहीतावर प्रथिनांचे सर्पिल रूप १९५१ मध्ये मांडले तेही याच पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.)

नेमका कोणता चेहरा बदलला, हे शोधले केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्राम यांनी. हिमोग्लोबिनच्या रेणूत १४१ आम्लांच्या दोन अल्फा आणि १४६ आम्लांच्या दोन बीटा साखळ्या असतात. एवढा पसारा त्या काळी वाचणे अशक्यप्राय होते. इन्ग्राम यांनी ट्रिप्सिन हे पाचक विकर वापरले. ते साखळी कुठेही तोडत नाही. लायसीन आणि आर्जिनीन या धनभारित आम्लांपाशीच तोडते. मिळालेले तुकडे त्यांनी कागदावर एका दिशेने विजेने आणि दुसऱ्या दिशेने द्रावकाने पसरवले. सुमारे ३० ठिपके उमटले. रोगी आणि निरोगी नमुन्यांत एकच ठिपका जागेवरून हललेला होता. १९५७ मध्ये उलगडा झाला: बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसले होते. साखळ्या दोन, म्हणून रेणूमागे दोन ऋणभार कमी. पट्टीवरचा थेंब रेंगाळतो तो यामुळेच.

पण रोग होतो तो केवळ भार गेल्यामुळे नव्हे; त्या जागी आलेल्या व्हॅलीनच्या तेलकटपणामुळे. प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो आणि त्याच्या पृष्ठभागावर एक तेलकट खोबण उघडी पडते. शेजारच्या रेणूचे व्हॅलीन तीत नेमके बसते. ग्लुटॅमिक आम्ल आपल्या ऋणभारासह तिथे शिरूच शकले नसते. रेणूला रेणू चिकटत लांबलचक तंतू तयार होतात, पेशी ताठर होते, केशवाहिन्यांत अडकते आणि सांध्यांत, पाठीत, छातीत असह्य वेदना उठतात. १२० दिवस जगणारी तांबडी पेशी १०-२० दिवसांतच नष्ट होते.

भारतात या रोगाची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत झाली आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील नोंद प्रसिद्ध केली. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत आदिवासी आणि अन्य अनेक समाजांत तो आढळतो. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. वाहकाला सहसा त्रास होत नाही, त्यामुळे तो चाचणीपर्यंत पोचतच नाही. दोघे वाहक विवाहबद्ध झाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याच्या वेळी ती घटत नाही, हे समजावून सांगणे फार जड जाते.

रुग्ण बाळ पहिले काही महिने बहुधा ठणठणीत असते. त्या काळात त्याच्या रक्तात प्रामुख्याने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असते. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि तिच्या सहाव्या स्थानी ग्लुटॅमिक आम्लच असते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध हेच जुने हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिलेला जनुक-संपादनाचा कॅसजेव्ही हा उपचारही व्हॅलीनला हात लावत नाही, गॅमा साखळीलाच जागे करतो. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर होती. गडचिरोलीच्या रुग्णासाठी आजही उपाय आहे तो हायड्रॉक्सियुरियाच्या रोजच्या मात्रेचा, आणि त्याआधी त्या पट्टीवरच्या थेंबाचा.