विधवेची पेन्शन एका नावावर अडते
महार रेजिमेंट 1941 साली बेळगावात उभी राहिली. 1 जानेवारीला भीमा कोरेगावला आपण सैनिकी परंपरेला मानवंदना देतो. पण वस्तीतल्या माजी सैनिकाच्या विधवेची फॅमिली पेन्शन कित्येकदा नावावर अडते. सैन्याच्या नोंदीत माहेरचे नाव, आधारवर सासरचे. त्यात ‘स्पर्श’ ही प्रणाली ऑनलाइन. वर्षाचा हयातीचा दाखला राहिला की पेन्शन थांबते.

पेन्शनच नसलेल्या, 65 वर्षांवरील, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांना वा त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक मंडळाचे अनुदान आहे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठावे लागते. म्हाताऱ्या बाईने किती खेटे घालायचे? कार्यालयाने दरमहा तालुक्यात शिबिर घ्यावे, ही मागणी लावून धरू. तोवर रविवारी विहारात डिस्चार्ज बुक आणि आधार शेजारी ठेवून नावे ताडून पाहा.