ज्याचा रंग, त्याच्या नावावर

१९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला ऑलिंपिक झाले. त्यावर लेनी रीफेनश्टाल यांनी केलेला ‘ऑलिंपिया’ हा दोन भागांचा कृष्णधवल माहितीपट २० एप्रिल १९३८ रोजी, हिटलरच्या वाढदिवशी, बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. सुमारे चार लाख मीटर फिल्म खर्ची पडली आणि संकलनाला दीड-दोन वर्षे लागली. खेळाडूचे शरीर आकाशावर उठून दिसावे म्हणून मैदानात खड्डे खणून कॅमेरे बसवले गेले, सूर मारणाऱ्यांच्या मागोमाग कॅमेराही पाण्यात उतरला. खेळाच्या चित्रीकरणातल्या आज नेहमीच्या झालेल्या कितीतरी युक्त्या या चित्रपटात पाहायला मिळतात. तो नाझी सरकारच्या पैशावर आणि त्या सरकारची शान मिरवण्यासाठी झाला, हेही तितकेच खरे. असा चित्रपट आजच्या प्रेक्षकांसाठी रंगीत करायचा म्हटला तर नेमके काय करावे लागेल, हे बारकाईने पाहिले की रंगवण्याच्या साऱ्या उद्योगाबद्दलच काही ठरवता येते. रंगवण्याला माझा सरसकट विरोध नाही. एवढेच म्हणणे आहे की चढवलेला रंग हा रंगवणाऱ्याचा अंदाज असतो, आणि तो अंदाज म्हणूनच, त्याच्या नावानिशी, लोकांसमोर यावा.

काम कसे चालते ते आधी पाहू. उपलब्ध असलेली सर्वांत चांगली प्रत, शक्य तर मूळ निगेटिव्ह, एकेक फ्रेम करून स्कॅन करतात. मग धूळ, ओरखडे, बुरशीचे डाग काढायचे, हलणारी प्रतिमा स्थिर करायची आणि फ्रेमगणिक कमीजास्त होणारा उजेड सारखा करायचा. इथपर्यंत रंगाचा संबंधच येत नाही. त्यानंतर चित्रपटाचे शॉट सुटे केले जातात. प्रत्येक शॉटमधली एखादी फ्रेम निवडून तिच्यात त्वचा, बनियन, गवत, आकाश यांच्या कडा आखतात आणि रंग भरतात. मग संगणक तो रंग पुढच्या-मागच्या फ्रेमवर नेतो आणि माणूस त्याच्या चुका दुरुस्त करत बसतो. करड्या छटेचा उजळपणा तसाच ठेवून वर फक्त रंगाची माहिती चढवायची, हे यामागचे तत्त्व. अलीकडे लाखो रंगीत छायाचित्रांवर तयार केलेली संगणकीय मॉडेल पहिला हात मारून देतात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ‘ऑलिंपिया’सारख्या साडेतीन तासांहून मोठ्या चित्रपटात तीन लाखांच्या वर फ्रेम होतात, त्यामुळे ही मदत मोलाची आहे. पण मॉडेलला बर्लिनचे काही ठाऊक नसते. अशा करड्या आकारावर सहसा कोणता रंग असतो, एवढेच ते सांगते, आणि जिथे खात्री नसते तिथे सरासरी काढून मातकट, फिका रंग देते. धावपटू गर्दीत शिरून पुन्हा बाहेर आला की त्याच्या बनियनचा रंग बदललेला असू शकतो.

अडचणीचे मूळ करड्या रंगातच आहे. लाल आणि हिरवा हे डोळ्यांना अगदी वेगळे रंग, पण फिल्मवर दोघांचा करडा जवळजवळ सारखा उतरू शकतो. तो कसा उतरेल हे फिल्मवर, उजेडावर आणि भिंगापुढच्या फिल्टरवर ठरते. पिवळा किंवा लाल फिल्टर लावला की निळे आकाश काळवंडते आणि ढग पांढरेशुभ्र उठतात. ही युक्ती त्या काळचे कॅमेरामन सर्रास वापरत. अशा आकाशावर आज निळा रंग चढवला तर भर दुपारी संध्याकाळ उतरल्यासारखी दिसेल. आता भारत-जर्मनी हॉकीचा अंतिम सामना घ्या. तो १४ ऑगस्टला व्हायचा होता, पावसामुळे १५ तारखेला गेला आणि ध्यानचंद यांच्या संघाने तो ८-१ असा जिंकला. पाऊस पिऊन बसलेल्या मैदानाचा करडा कोरड्या मैदानापेक्षा गडद असणार. पडद्यावर दिसणारा गडदपणा ओलाव्याचा, गवताच्या जातीचा की प्रत काढताना झालेल्या फरकाचा, हे कोण सांगणार? उद्घाटनाच्या संचलनातल्या भारतीय पथकाबद्दल निदान लेखी पुरावा आहे. सोनेरी कुल्ला, म्हणजे पगडीच्या आतली उंच टोपी, आणि त्यावर फिकट निळी पगडी, असे वर्णन तेव्हाच्या लिखाणात येते. पण आकाशी, आसमानी की मोरपिशीकडे झुकणारा, यातला फिकट निळा कोणता, ते त्या वर्णनातून कळत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानेही त्याच वर्षी बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. त्यांचे कृष्णधवल छायाचित्र हाती आले तर मराठी माणूस सवयीने लंगोट लाल रंगवून मोकळा होईल. ती आपल्या आखाड्यांची सवय झाली, पुरावा नव्हे.

पगडीची छटा चुकली तर फार बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. मग जेसी ओवेन्सच्या चेहऱ्याकडे पाहा. १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि रिले अशी चार सुवर्णपदके जिंकणारा हा कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटू वंशश्रेष्ठतेचा डंका पिटणाऱ्या राजवटीच्या मैदानात धावला, म्हणूनच या चित्रपटात त्याचे असणे इतके बोलके आहे. शर्यतीपूर्वी कॅमेरा त्याच्या अगदी जवळ जातो. कपाळावर ऊन चमकते, गालाखाली सावली असते, आणि एकाच चेहऱ्यावर जवळजवळ पांढऱ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळ्या छटा दिसतात. रंगवणाऱ्याला त्यातून त्वचेचा एक मूळ रंग ठरवावा लागतो. मॉडेल ज्या छायाचित्रांवर तयार झाले त्यांत गोरे चेहरे जास्त असतील, तर ते या चेहऱ्याला उजळ किंवा नारिंगी करण्याची भीती असते. हाताने रंगवणारा ‘चांगला दिसावा’ म्हणून थोडा उबदारपणा घालतो. यात कोणाचा हेतू वाईट असेलच असे नाही. पण १९३६ च्या बर्लिनमध्ये ओवेन्सच्या कातडीचा रंग हा किरकोळ तपशील नव्हता, आणि तो आज कोणीतरी संगणकासमोर बसून ठरवला आहे हे प्रेक्षकाला कळलेच पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा की त्या दिवशी बर्लिनमध्ये सगळे रंगीतच होते. म्हणजे खोटा तर कृष्णधवल चित्रपटच, रंगवणारा फक्त हरवलेले परत देतो. आक्षेप दिसतो तितका भक्कम नाही. कृष्णधवल चित्र काय गाळते हे प्रत्येक प्रेक्षकाला उघड दिसते, त्यामुळे तो फसत नाही. रंगवलेल्या चित्रात मात्र माहीत असलेला रंग आणि अंदाजाचा रंग शेजारी शेजारी, सारख्याच आत्मविश्वासाने बसतात. नाझी झेंड्याचा लाल पुराव्याचा आणि प्रेक्षकांतल्या एखाद्या बाईंच्या टोपीचा हिरवा मनचा, हा भेद पडद्यावर दिसत नाही. दुसरे असे की कृष्णधवल ही नुसती उणीव नव्हती. रंगीत चित्रपट तेव्हा बाल्यावस्थेत होता, हे खरे. प्रभातच्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनीतच निघाल्या होत्या आणि त्यांनी निराशा केली होती. पण जे माध्यम हाती होते ते या कॅमेरामंडळींनी पुरते ओळखून वापरले. कोणत्या विषयाला कोणत्या कंपनीची फिल्म चांगली, याच्या चाचण्या घेऊन माणसे, इमारती आणि हिरवळ यांसाठी वेगवेगळी फिल्म निवडल्याचे रीफेनश्टाल यांनी आठवणींत लिहिले आहे. शेवटाकडे सूर मारणारे खेळाडू ढगाळ आकाशावर काळ्या आकृत्या होऊन संथ गतीने तरंगतात. त्या प्रसंगात रंग हरवलेला नाहीच. तिथे त्वचेचा आणि पोहण्याच्या कपड्यांचा रंग भरला तर आकृती संपते आणि उरतात फक्त उड्या.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. ‘ऑलिंपिया’ स्वतः तरी कुठे सोवळा आहे? पोल व्हॉल्टची स्पर्धा अंधारापर्यंत लांबली, तेव्हा खेळाडूंना पुन्हा बोलावून उड्या चित्रित केल्या गेल्या. बराचसा आवाज मागाहून जोडला. मग रंगानेच काय घोडे मारले? मान्य, माहितीपट म्हणजे निर्भेळ सत्य नव्हे. पण १९३८ पर्यंत केलेली बनवाबनवी हा आता स्वतःच इतिहासाचा दस्तऐवज आहे. त्या राजवटीला स्वतःला कसे दाखवायचे होते हे तिच्यावरून कळते. त्यात आजचा रंग मिसळला की नाझींचा थाट किती आणि आपण चढवलेला साज किती, हे वेगळे काढता येत नाही. प्रचारपटाला नकळत नवी झळाळी देण्याचा धोका इथे आहेच.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: रंग नसेल तर आजची मुले पाहतच नाहीत. हा मी पुष्कळसा मान्य करतो. २००४ साली रंगीत ‘मुगल-ए-आझम’ पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा नव्या पिढीने तो पाहिला. पीटर जॅक्सन यांनी २०१८ मध्ये पहिल्या महायुद्धाचे चित्रण रंगवून ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ केला, तो तर या कामाचा नमुनाच म्हणावा. त्यांच्या संग्रहात त्या काळचे खरे गणवेश होते, म्हणून कापडाचा रंग समोर ठेवून काम झाले, आणि चित्रपटाचा सुरुवातीचा भाग कृष्णधवलच ठेवला. पण त्याचा परिणाम केवळ रंगाने साधलेला नाही. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यांची कमीजास्त गती दुरुस्त केल्यामुळे तुरुतुरु चालणारे सैनिक माणसांसारखे चालू लागले, हा त्यातला मोठा वाटा. जुना खेळ पाहताना मुलांना कंटाळा येतो तो हलती, ओरखड्यांची, कळाहीन प्रत पाहून. स्वच्छ स्कॅन आणि स्थिर प्रतिमा यांनीच निम्मे काम होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जुने ऑलिंपिकपट दुरुस्त करून जगापुढे आणले, त्यांत ‘ऑलिंपिया’ही आहे, आणि तो कृष्णधवलच पाहावासा वाटतो.

तेव्हा रंगवायचे असेल तर खुशाल रंगवा, पण तीन अटी पाळा. दुरुस्त केलेली कृष्णधवल प्रत रंगीत प्रतीइतक्याच सहज मिळाली पाहिजे. चित्रपट रंगवलेला आहे हे सुरुवातीलाच ठळकपणे लिहिले पाहिजे. अमेरिकेने १९८८ च्या कायद्यात राष्ट्रीय यादीतल्या चित्रपटांसाठी असे लेबल सक्तीचे केले होते, म्हणजे मागणी अवास्तव नाही. आणि कोणता रंग वस्तू पाहून, कोणता वर्णन वाचून आणि कोणता निव्वळ अंदाजाने भरला, याची नोंद रंगवणाऱ्यांच्या नावांसह जाहीर व्हावी. जो निर्माता ही नोंद द्यायला तयार नसेल, त्याचा रंगीत माहितीपट करमणूक म्हणून जरूर पाहावा, पण शाळेत इतिहास म्हणून दाखवू नये.