नंबर जुळतात का?

जुन्या अमेरिकन गाड्यांचे शौकीन एकमेकांना एक प्रश्न हमखास विचारतात : नंबर जुळतात का? म्हणजे कारखान्यातून निघताना गाडीत जे इंजिन होते, तेच आजही आहे का?

१९६० च्या दशकात अमेरिकेत फार मोठ्या नसलेल्या गाडीत ताकदवान इंजिन बसवून विकण्याची चढाओढ लागली. या गाड्यांना मसल कार म्हणतात. लोकांनी त्या शर्यतीत पळवल्या, अनेकांची इंजिने निकामी झाली आणि दुसरी बसवली गेली. त्यामुळे मूळ इंजिन असलेल्या गाडीला आज जास्त किंमत येते. जिथे पैसा, तिथे बनवाबनवीही आलीच.

मला सर्वांत आवडणारी गाडी १९६९ ची शेवरले कॅमारो झेड-२८. तिचेच उदाहरण घेऊ. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत इंजिनाला ३०५ घनइंचांची मर्यादा होती, म्हणून शेवरलेने ३०२ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ४.९ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन बनवले. १९६९ मध्ये अशा २०,३०२ गाड्या तयार झाल्या.

आधी गाडीचा नंबर पाहायचा. तो डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या काचेतून दिसतो. त्यात १३ अंक-अक्षरे असतात. सुरुवातीचे १२४३७ म्हणजे आठ सिलिंडरची, दोन दारांची, टपाची कॅमारो. पुढचा ९ म्हणजे १९६९. नंतर ‘एन’ असेल तर गाडी नॉरवुडच्या कारखान्यातली, ‘एल’ असेल तर लॉस एंजेलिसची. शेवटचे सहा आकडे तिचा अनुक्रमांक. गंमत अशी, की या नंबरात झेड-२८ चा उल्लेखच नाही! साध्या आठ सिलिंडरच्या कॅमारोचा नंबरही असाच सुरू होतो. म्हणून नुसते पट्टे रंगवून साधी गाडी झेड-२८ म्हणून खपवता येते.

मग इंजिन पाहायचे. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक छोटी सपाट जागा असते. तिथे ‘व्ही०११५डीझेड’ अशी खूण पंच केलेली असते. ‘व्ही’ म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०११५ म्हणजे १५ जानेवारीला जुळणी, आणि ‘डीझेड’ म्हणजे झेड-२८ चे ३०२ इंजिन. तिथेच किंवा ऑइल फिल्टरजवळ गाडीच्या नंबराचा भागही असतो : १९एन आणि तेच शेवटचे सहा आकडे.

तिसरी गोष्ट तारखांची. ब्लॉकच्या मागच्या बाजूला ओतकामाची तारीख उठावात असते. ‘ए१०९’ म्हणजे १० जानेवारी १९६९. आधी ब्लॉक ओतला जातो, मग इंजिन जुळते, मग ते गाडीत बसते. गाडी फेब्रुवारीची आणि ब्लॉक मार्चचा असेल, तर ते इंजिन तिचे असूच शकत नाही.

चौथी गोष्ट धातूची. कारखान्याच्या यंत्राने त्या सपाट जागेवर पुढून मागे बारीक समांतर रेषा उमटतात. नंबर घासून नवा पंच केला, की त्या रेषाही जातात. अर्थात, प्रत्येक गुळगुळीत जागा म्हणजे फसवणूक नव्हे. इंजिन दुरुस्त करताना ब्लॉकचा वरचा भाग मशीनवर सपाट करतात, तेव्हाही त्या रेषा पुसल्या जातात. पण मग पुरावा उरत नाही. अशा वेळी जुनी बिले आणि गाडीसोबत मिळालेली वॉरंटीची धातूची पट्टी उपयोगी पडते, कारण त्या पट्टीवर इंजिनाची खूणही उमटवलेली असते.

आपल्या ओळखीच्या ली-एनफिल्ड रायफलीतही बोल्टचा आणि बॉडीचा नंबर एकच लागतो. तिथे प्रश्न सुरक्षिततेचा आहे, कारण बोल्ट त्याच रायफलीसाठी बसवून तपासलेला असतो. गाडीत प्रश्न सचोटीचा आहे. इंजिन बदलले यात कमीपणा काहीच नाही. बदललेले इंजिन मूळचे म्हणून विकणे ही लबाडी आहे.

आपल्याकडे गाडीच्या आरसीवर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही छापलेले असतात. घरी जुनी मोटारसायकल घ्यायची ठरली, तर पैसे देण्याआधी टॉर्च आणि आरसी घेऊन खाली वाका. दोन्ही नंबर स्वतः वाचा आणि आजूबाजूचा धातू घासलेला नाही ना, तेही पाहा.